फुलावरचा सौदा

लिलाव परतवाड्याला झाला, शनिवारी.
पूर्णाकाठच्या आमच्या गावानं एकवीस हजारांत घेतला
एक पोट्टा, न पाहिलेला.
मुंगीलाल भिलावेकर, वय सतरा, चढाईपटू,
गाव घाटावर, सेमाडोहच्याही पलीकडं,
जिथं फोन लावायचा तर टेकडी चढावी लागते.

रात्री ग्रामपंचायतीच्या ओट्यावर
एका मोबाइलभोवती नऊ डोकी.
चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, अर्धा धुळीत.
पोट्टा निदानरेषा ओलांडतो, वाकतो,
मग कुणाचा तरी हात कॅमेऱ्यापुढं,
आणि हात बाजूला होईपर्यंत
पोट्टा परत आपल्या अंगणात.
मधलं काय झालं ते दिसतच नाही.
आम्ही तेवीस वेळा पाहिलं.

"पाय पाहा त्याचे," गजू ढोरे म्हणाला, "हरणाचे हायेत."
"हरणाले वाघ खाते," शेषराव.
"पन्नास किलो तरी भरते का हे?
त्याच्याहून तं आपला तुरीचा कट्टा भारी."
"वजनाचं काय, येते. खाऊ घाला."
"तू घालशीन?"
"नावच मुंगी हाये बाप्पा. चावली का समजन."
अन्वर मिस्त्री हसला नाही.
"वेल्डिंग थंडी होऊ द्या," म्हणाला,
"मंग पकड पाहा."

मागल्या साली मोर्शीचा एक पैलवान आणला होता,
अडतीस हजार, दंड असे की बाही उसवावी.
दुसऱ्याच सामन्यात गुडघा गेला.
आता मंडपाच्या गाडीवर खुर्च्या मोजतो.
त्याचंही भाकीत याच ओट्यावर झालं होतं,
आणि ते मी केलं होतं.

कारण माझा धंदाच तो.
संत्र्याच्या बागा मी फुलावर पाहतो.
झाडाखाली उभा राहतो, मान वर,
आणि सांगतो: याला सहाशे, त्याला चारशे,
त्या कोपऱ्यातल्याला नुसतं पान.
गळ धरतो, कोळशी धरतो,
गारपीट तेवढी धरत नाही.
व्यापारी माझ्या जिभेवर पैसे लावतात.
म्हणून ओटा माझ्याकडं वळला.
"सांग ना भाऊ, किती निघन?"

मी म्हणालो, झाड तर पाहू द्या.

मंगळवारी दुपारच्या गाडीनं उतरला.
बूट लेस बांधून गळ्यात, पाय चपलेत,
काखेत पिशवी, पिशवीत पायलीभर कुटकी.
आईनं दिली, म्हणाला हिंदीतून,
ज्या घरी राहशील तिथं दे.
आम्ही पोटऱ्या पाहत होतो.
त्यानं आमच्याकडं एकदाच पाहिलं
आणि पहिलं हेच विचारलं,
परतीची शेवटची गाडी कितीला?

"झालं," शेषराव पुटपुटला, "मन नाई लागत याचं."
"अबे, चढाईवाल्यानं परतीचंच पाहावं," गजू म्हणाला,
"जाता तं कोनालेबी येते."
यावर वाद पेटला तो चहा निवेपर्यंत.

संध्याकाळी मैदानावर तो एकटा,
अंगठ्यानं मातीत मध्यरेषा ओढत.
मिस्त्रीचा नातू, वय सहा,
मागून आला आणि त्याच्या कमरेला बिलगला.
मुंगीलाल आडवा पडला, खोटाखोटा,
हात रेषेकडं ताणलेला, वीतभर कमी.
पहिल्यांदाच हसताना दिसला.
"पहिल्याच चढाईत बाद," शेषरावनं नोंद केली.
"लहान लेकराले पाडलं नाई," मिस्त्री म्हणाला,
"हे बी लिहा."

मी काहीच लिहिलं नाही.
फुलावर मी सौदा करतो ते झाडाची जात माहीत म्हणून.
घाटावरची माती मी कधी हातात घेतली नाही.

तो माझ्याच घरी उतरला आहे.
रात्री बायकोनं कुटकी धुतली, चुलीवर ठेवली,
आणि विचारलं, "याले पानी किती लागते?"
मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं.
पोट्टा उठला, पातेल्याशी आला,
बोट बुडवून वर काढलं
आणि ओलं पेर दाखवलं.
एवढं.